भार वाढवला, पण ताप कोण काढणार?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि गावोगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावू लागतात. त्याआधी महिनाभर ट्रॅक्टरमालकांची जी धावपळ चालते ती बघण्यासारखी असते. ट्रॉलीला रंग, नवे टायर, बाजूचे पाइप वाढवून उंची वाढवणे, मागे पोराबाळांची नावे आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाण्यांसाठी भलेमोठे स्पीकर. यंदा खेपेला जास्त टन ओढायचे, असा निर्धार त्यामागे असतो. हप्ता भरायचा असतो, टोळीला दिलेली उचल फेडून घ्यायची असते. त्यात चूक काही नाही.

पण शेतकरी बंधूंनो, या सगळ्या तयारीत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. भार ओढायची तयारी झाली, पण त्या भाराने जी उष्णता तयार होणार ती बाहेर काढायची तयारी झाली का? ट्रॉली दीडपट झाली. रेडिएटर तेवढाच, तेल तेवढेच, ब्रेक तेवढेच. हंगामाच्या मध्यावर क्लचप्लेट जळते, गिअर ओरडायला लागतो, लिफ्ट भार धरत नाही, मग आपण म्हणतो, "कंपनीचा मालच हलका निघाला." कधी तसे असेलही. पण बऱ्याच वेळा माल हलका नसतो, आपण त्याला मापाबाहेर तापवलेला असतो.

बैल सांगतो, यंत्र सांगत नाही

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हा उसाच्या वाहतुकीत बैलगाडीला मोठे स्थान होते. आजही जवळपासचा ऊस काही ठिकाणी टायरगाडीनेच येतो. बैलाचे एक बरे असते. चढाला तो दमला की धापा टाकतो, तोंडाला फेस येतो, पाय उचलत नाही. गाडीवान खाली उतरतो, चाकाला दगड लावतो, बैलाला पाणी दाखवतो. त्याला कुणी शाळेत शिकवलेले नसते. जनावराचा ताप त्याला दिसतो.

ट्रॅक्टर धापा टाकत नाही. इंजिनच्या पाण्याचा काटा समोर असतो, तो तरी लाल खुणेकडे सरकताना दिसतो (चालू असला तर!). पण गिअरबॉक्सच्या तेलाला बहुतेक ट्रॅक्टरांत काटाच नसतो. ते तेल आत किती तापले हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नाही. कळते तेव्हा वास आलेला असतो, आणि वास आला म्हणजे काम झालेले असते.

उष्णता येते कुठून?

थोडा हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या. ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर म्हणजे सुमारे ३३ किलोवॅट शक्ती. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढताना ही सगळी शक्ती क्लचमधून, गिअरमधून, डिफरन्शियलमधून चाकाकडे जाते. वाटेत दातावर दात घासतो, बेअरिंग फिरते, तेल घुसळले जाते. एवढ्या प्रवासात १० टक्के शक्ती वाया जाते असे धरले तर ती झाली ३.३ किलोवॅट. आंघोळीचे पाणी तापवायची १ किलोवॅटची कांडी तुम्ही पाहिली असेल. तशा तीन कांड्या गिअरबॉक्सच्या तेलात बुडवून ठेवल्या आणि चढ संपेपर्यंत चालू ठेवल्या, असा तो प्रकार आहे. रिकाम्या ट्रॉलीला किंवा कोळपणीला एवढी शक्ती लागत नाही, म्हणून तेव्हा काही कळत नाही. भार पूर्ण असतो तेव्हाच ताप पूर्ण असतो.

आता उतार घ्या. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २५ टन वजन धरा. हे वजन १०० मीटर उंचीवरून खाली आणायचे तर जी शक्ती मोकळी होते तिने ८० लिटरहून जास्त पाणी, म्हणजे चार-पाच घागरी, ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. काही भाग टायर-रस्त्याच्या घासण्यात जातो, गाडी गिअरमध्ये असेल तर बराचसा इंजिन अडवून धरते. उरलेला सगळा ब्रेकवर. आणि आपल्याकडे बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. म्हणजे २५ टनांना आवरायचे काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी करायचे.

आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तेलात बुडालेले ब्रेक असतात. चिखल-पाण्यात ते चांगले, टिकतातही जास्त. पण त्यांचा ताप जातो कुठे? त्याच तेलात. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, ब्रेक आणि लिफ्टचे हायड्रॉलिक या सगळ्यांना एकच तेल असते. म्हणजे चढाला गिअरने तापवले, उताराला ब्रेकने तापवले, आणि तेच तापलेले पातळ तेल पंपाने ओढून लिफ्टला दिले. चुलीवरच्या एकाच पातेल्यात सगळ्या घरचा स्वयंपाक!

तेल तापले तर बिघडते काय?

तापलेले तेल पातळ होते आणि दातांमधला पडदा विरळ होतो. दात दातावर घासतो, त्याने आणखी उष्णता होते. हे दुष्टचक्र. दुसरे म्हणजे तेल हवेशी संयोग पावून जुने होते. याचा एक ढोबळ नियम सांगतात: ठरावीक मर्यादेच्या वर तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. नियम ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. पुस्तकात लिहिलेले तास हे नेमस्त कामासाठी असतात. तुम्ही हंगामभर दुप्पट भार ओढणार आणि तेल मात्र पुस्तकातल्या तासांनी बदलणार, हे जमत नाही. तिसरे, रबरी सील कडक होतात, चिरतात. मग तेल गळते, पातळी उतरते, उरलेले तेल आणखी लवकर तापते.

तेलाचा रंग आणि वास ओळखायला शिका. काळपट आणि करपट वासाचे असेल तर ते जळाले. दुधासारखे पांढुरके असेल तर त्यात पाणी शिरले आहे. चिखलणीत, ओढा ओलांडताना किंवा धुताना गेलेले. दोन्ही तेलांनी हंगाम धरू नये.

परदेशी औषध आपल्याला लागू पडते का?

हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून काही तरुण मंडळी विचारतात, "अमेरिकेत पिकअप गाडीला गिअर-तेलाचा वेगळा कूलर बसवतात, तसा आपल्या ट्रॅक्टरला बसवला तर?" प्रश्न चांगला आहे. नुसता उडवून लावण्यासारखा नाही.

तिकडच्या बहुतेक पिकअप गाड्यांना ऑटोमॅटिक गिअर असतो. त्यात आपल्यासारखी पायाने दाबायची क्लचप्लेट नसते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा भाग असतो आणि त्यात तेलच शक्ती पुढे नेते. जड ट्रॉली जोडून चढ लागला की ते तेल घुसळून घुसळून तापते. म्हणून ते नळीने बाहेर काढून रेडिएटरजवळ थंड करून परत आत सोडायची सोय कंपनीच करते. घोड्यांची किंवा जनावरांची ट्रॉली ओढणारे लोक त्याच्या जोडीला पुढे आणखी एक जाळीचा कूलर लावतात. तिथे तो अगदी योग्य उपाय आहे, कारण तेल मुळातच पंपाने फिरते आहे. त्याच्या वाटेत फक्त एक जाळी वाढवायची.

आपल्या साध्या ट्रॅक्टराच्या गिअरचे तेल पंपाने फिरत नाही, गिअर फिरताना उडते आणि सगळीकडे लागते. त्यामुळे नुसती जाळी आणून पुढे बांधली म्हणून तेल थंड होणार नाही. तेल तिथवर न्यायला प्रवाह लागतो. ज्या ट्रॅक्टरात पॉवर स्टिअरिंग किंवा हायड्रॉलिकचा पंप याच तेलावर चालतो, तिथे परतीच्या नळीत कूलर घालता येतो. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कूलर परतीच्या, कमी दाबाच्या नळीतच हवा. दाबाच्या नळीत घातला तर तो फुटेल आणि उकळते तेल अंगावर येईल. दोन, सकाळच्या थंडीत तेल घट्ट असते, तेव्हा त्याला कूलर टाळून जायला वाट हवी, म्हणजे बायपास व्हॉल्व्ह हवा. तीन, रेडिएटरच्या तोंडावर कूलर लावला की त्यातून निघालेली गरम हवाच रेडिएटरला मिळते. इंजिन आधीच तापत असेल तर हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. हे काम कंपनीच्या जाणत्या माणसाला विचारूनच करावे, वॉरंटीचेही बघावे. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे जुन्या एसीची जाळी लावून घेणे म्हणजे शेताला कुंपण म्हणून दोरी बांधणे.

याउलट ऊसतोडणीचे मोठे यंत्र बघा. ते चालते, कापते, उचलते ते मुख्यतः हायड्रॉलिक तेलावर. म्हणून त्याला भलामोठा तेलाचा कूलर बनवतानाच दिलेला असतो, आणि त्याची जाळी पाचटाने भरली तर यंत्र उभे राहते हे त्याच्या ऑपरेटरला पक्के माहीत असते. तो हवा मारल्याशिवाय कामाला लागत नाही. त्याच फडात, त्याच धुळीत, शेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या जाळीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. ट्रॅक्टर काय सवतीचा?

खिशात हात घालण्याआधी

माझे म्हणणे असे की, निम्म्याहून अधिक ताप फुकटात किंवा थोडक्यात कमी करता येतो. आधी ते करा, मग कूलरचा विचार.

पहिली गोष्ट रेडिएटर. पाचटाचा भुसा, धूळ आणि तेलाचा चिकटा मिळून जाळीवर जाड थर बसतो. इंजिन थंड असताना पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने बेताच्या दाबाची हवा मारा. बाहेरून आत मारली तर घाण आणखी आत बसते. जोरात मारली तर पत्रे वाकतात. पंख्याचा पट्टा ढिला आहे का बघा. आणि रेडिएटरमध्ये बोअरचे क्षाराचे पाणी ओतू नका, आत खडू जमतो. कंपनीने सांगितलेले कूलंटच घाला. गरम असताना झाकण उघडू नका, हे काय सांगायला हवे?

दुसरी, ड्रायव्हरचा पाय. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकायची सवय म्हणजे क्लचप्लेटीवर निखारा ठेवणे. कारखान्याच्या केनयार्डात रांग पुढे सरकते तेव्हा अर्धा क्लच दाबून इंच-इंच सरकण्यापेक्षा थांबा, पुढे चांगली जागा झाली की एकदाच न्या. फडातून भरली ट्रॉली निघत नसेल तर क्लच सोडून-दाबून हिसके मारू नका. दुसरा ट्रॅक्टर लावा किंवा एक ट्रॉली सोडून आधी एकच बाहेर काढा.

तिसरी, चढाचा गिअर. वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत चढणे ही मर्दुमकी नव्हे. इंजिनचे फेरे पडले की पंखा आणि पाण्याचा पंपही मंदावतो. म्हणजे ताप सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी. चढ लागण्याआधीच खालचा गिअर घ्या, फेरे राखा. दहा मिनिटे उशीर होईल, पण ट्रॅक्टर थंड राहील.

चौथी, उतार. डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रल करून गाडी सोडणे हा प्रकार सरळ सरळ जीवावरचा आहे. इंजिनची पकड सुटली की सगळे वजन ब्रेकवर येते, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते खरे आहे.

पाचवी, तेल. हंगामाच्या आधी तेल आणि फिल्टर बदला, मध्यावर एकदा तपासा. कंपनीने सांगितलेल्या जातीचेच तेल घाला. तेलातल्या ब्रेकला आणि हायड्रॉलिकला चालेल असे तेल वेगळे असते. "सगळी तेले सारखीच" म्हणणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नका. पातळी सपाट जागेवर बघा. जास्त भरलेले तेलही अधिक घुसळून तापते, म्हणून खुणेपर्यंतच.

सहावी, मोजा. २०२० साली कोरोनात कपाळासमोर धरायचे ते तापमापक आठवतात ना? त्याच जातीचे, पण यंत्रासाठीचे वेगळे मिळते. कपाळाचे इथे चालत नाही, त्याची मोजणी मर्यादित असते. खेप संपली की रोज गिअरबॉक्सच्या एकाच जागी धरा आणि वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ थोडा. पण त्याच रस्त्याला, त्याच भाराला आकडा दिवसेंदिवस चढू लागला तर ट्रॅक्टर तुम्हाला सांगतो आहे की, मला बघा. मुक्या यंत्राला तोंड फुटले असे समजा.

"पण परवडत नाही!"

इथपर्यंत वाचून अनेक जण म्हणतील, "हे सगळे बरोबर आहे, पण भार कमी केला तर परवडत नाही. वाहतुकीचा दर टनावर मिळतो. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, हप्ता एका खेपेतच निघाला पाहिजे." ही अडचण खोटी नाही. तिला हसण्यात अर्थ नाही.

पण मग हिशेब पुरता करा. हंगामभर मापाबाहेरचे किती टन नेले आणि त्याचे किती रुपये मिळाले हे वहीच्या डाव्या पानावर लिहा. उजव्या पानावर क्लचप्लेट, बेअरिंग, सील, तेल, टायर, मिस्त्रीची मजुरी आणि ट्रॅक्टर उभा राहिलेले दिवस लिहा. उभ्या दिवसांत टोळी बसून राहिली, ऊस तोडून वाळला, तेही लिहा. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर विकायला काढला तर किती उतरला, तेही. दोन्ही पानांची बेरीज तुमची तुम्हीच करा. जादा टनाची कमाई दिसते रोज, आणि जादा टनाचा खर्च दिसतो एकदम. एवढ्याचमुळे आपण फसतो.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड ठरवला. पण दंडाचे भय दाखवून मी सांगत नाही. रस्त्यावर मागून मोटारसायकलने येणारा पोरगा, पुढे सायकलवर शाळेला जाणारी मुलगी आपल्याच गावची असते. २५ टनांचे ओझे ब्रेकला न जुमानता सुटले तर तिथे दंडाची पावती काय कामाची?

कारखान्यांनीही हात लावावा

सगळा दोष ट्रॅक्टरमालकाच्या माथी मारून चालणार नाही. ऊस किती आला हे सगळ्यात नेमके कुणाला ठाऊक? कारखान्याला. प्रत्येक खेप वजनकाट्यावरून जाते आणि पावती निघते. म्हणजे कोणता ट्रॅक्टर मापाबाहेर ओढतो हे कारखान्याच्या नोंदीत रोज उतरते. "आम्हाला कल्पना नव्हती" असे म्हणायला तिथे जागा नाही. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी कापला जातो तो ऊस उत्पादकाच्या बिलातून. म्हणून ही वाहतूक कशी चालते हे विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

अनेक कारखाने हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात. फार चांगली गोष्ट आहे. त्याच दिवशी, त्याच मांडवात रेडिएटर, पट्टा, तेल आणि ब्रेक यांची तपासणी का होऊ नये? केनयार्डात हवेचा एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचा नळ ठेवला तर रांगेत तासन् तास उभा राहणारा ड्रायव्हर तेवढ्या वेळात जाळी साफ करील. खर्च किती? कारखान्याच्या मानाने चहापाण्याएवढा. वाहतुकीच्या करारात ट्रॉलीला ब्रेक असावा अशी अट टप्प्याटप्प्याने घालता येईल आणि त्यासाठी उचल देता येईल. मुकादमाला उचल देता येते, तर ब्रेकला का नाही? आणि मापातच ऊस आणणाऱ्याला परवडेल असा दर, हा तर मुद्द्यातला मुद्दा. दर अपुरा ठेवायचा आणि मग जादा भाराकडे डोळेझाक करायची, म्हणजे कारखान्याचा खर्च ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर लिहिणे होय.

बंधूंनो, यंत्राला दया-माया नसते, तसा रागही नसतो. त्याच्यात जेवढा ताप घालाल तेवढा बाहेर काढायची वाट ठेवा, एवढेच ते मागते. वाट ठेवायची नसेल तर ताप कमी घाला. यापलीकडे तिसरा रस्ता नाही. कुठल्या कूलरने, कुठल्या कंपनीने किंवा कुठल्या नवसाने तो निघणार नाही. येत्या हंगामात ट्रॉलीचा रंग, हार, स्पीकर यांच्या यादीत वर एक ओळ लिहा: रेडिएटर, तेल, ब्रेक. ती पुरी झाली की मग खुशाल हार घाला.